पिकअपमधून जे जे काढलं

आमच्या पिकअपच्या सीटखालून पहिल्या दिवशी निघालं ते असं: दोन विळे, एक गोधडी, ताडपत्रीचा तुकडा, तीन वर्षांच्या काट्याच्या पावत्या, लोणच्याची अर्धी बरणी आणि माझ्या नवऱ्याचा चष्मा. या चष्म्यावरून आमच्या घरात एकदा चार दिवस अबोला होता.

जळगावच्या गॅरेजमध्ये नाना हे सगळं एका फळीवर मांडत होते. नाना म्हणजे आमचे मेकॅनिक. सत्तरीला आलेले, मूळचे धुळ्याकडचे, चाळीस वर्षं जळगावात राहूनही अहिराणी न सोडलेले. मांडून झाल्यावर त्यांनी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ताई, हाई गाडी शे का माळा?”

“दोन्ही.”

“बठ्ठं काढनं पडी. गाडीमा सुटं काहीच नको. सुटी वस्तू शर्यतमा जीव लेस.”

मी मान हलवली. मला ते पटलं होतं. पटलेल्या गोष्टी ऐन वेळी आठवतातच असं नाही.

धुळ्याबाहेरच्या एका माळावर ऑटोक्रॉस होणार होती. मातीचा वळणावळणाचा रस्ता आखायचा, कडेने प्लास्टिकचे शंकू ठेवायचे आणि एकेका गाडीने एकटीने तो पार करायचा. शेजारून कुणी पळत नाही, शर्यत असते ती फक्त घड्याळाशी. शंकू पडला तर वेळेत पाच सेकंद वाढतात. आमच्याकडे मोटारींपेक्षा पिकअप जास्त, म्हणून पिकअपचा वेगळा गट ठेवला होता. जाहिरातीच्या फलकावर शर्यतीची माहिती दोन ओळींत होती आणि उरलेल्या जागेत मान्यवरांचे एकोणीस चेहरे होते. मी ते मोजले. रावेरच्या फाट्यावर केळीच्या ट्रकमागे अडकलं की वेळ भरपूर असतो.

मी पिकअप चालवायला लागले त्याला आठ वर्षं झाली. नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याला गाडी चालवायला मनाई केली, आणि बागेतला माल तर कापून ठेवलेला. त्या दिवसापासून पॅकिंगच्या शेडपर्यंत माल मीच नेते. सुरुवातीला शेडवरचे लोक गाडी मागे घेताना चारही बाजूंनी हात हलवायचे, जणू मी विमान उतरवत होते. मग ते कौतुक करायला लागले, आणि ते जास्त त्रासाचं निघालं. “बाईमाणूस असून ताई काय गाडी चालवतात!” आठ वर्षांत मला एकदाही कौतुक पूर्ण मिळालं नाही. प्रत्येक वेळी त्यातून काहीतरी कापून घेतलेलं असायचं, काट्यावर केळीच्या दांड्याचं वजन कापतात तसं.

घड्याळ काहीच कापत नाही. ही कुणाची सून, असंही ते विचारत नाही. मला एक आकडा हवा होता, इतरांच्या आकड्यांच्या खाली-वर कुठेतरी लिहिलेला. चांगला असो की वाईट. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “पुढच्या कापणीच्या आत गाडी परत पाहिजे.” आमच्याकडे होकार असाच असतो.

सात आठवडे होते. केळी वाहणारी गाडी आणि शर्यतीची गाडी यांचं एकमेकींशी पटत नाही. भार पेलावा म्हणून आमच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगचे दोन-दोन जास्तीचे पाटे टाकलेले होते. रिकामी गाडी त्या पाट्यांवर खड्ड्यातून बेडकासारखी उडते, आणि चाक हवेत असलं की स्टेअरिंग फिरवून उपयोग नाही. नानांनी ते पाटे काढले. शॉकअप नवे टाकले, ब्रेकचे लायनर बदलले, हँडब्रेकची केबल इतकी ओढून बसवली की मला दोन्ही हात लावावे लागले. टायरातली भाराची हवा निम्म्यावर आणली. ताडपत्रीच्या कमानी आणि टपावरचं कॅरिअर उतरलं. मी उंचीने कमी, म्हणून पाठीशी उशी घेऊन बसायचे. तीही गेली. नानांनी सीटच पुढे सरकवून बोल्टने कसली आणि पायाखालचं रबरी मॅट चार स्क्रूंनी ठोकून टाकलं. आरशाला लटकणारा गोंडा नवऱ्याने स्वतः काढला. काढताना त्याचा चेहरा असा होता की मी दुसरीकडे पाहिलं.

सराव आमच्याच रानात. केळीची बाग काढून ते मोकळं झालं होतं. शंकू कुठून आणणार? केळीच्या खोडांचे गुडघाभर तुकडे करून उभे केले. हा शहाणपणा मला महाग पडला. खोडाला धक्का लागला की चीक उडतो आणि केळीच्या चिकाचा डाग जन्मात जात नाही, हे इथल्या प्रत्येक धोतराला माहीत आहे. आठवडाभरात माझ्या पांढऱ्या बंपरवर प्रत्येक चूक तपकिरी रंगात नोंदली गेली. नवरा संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचा आणि जाता-येता बंपर वाचायचा.

“आज सहा.”

“पाच. तो कालचा आहे.”

“कालचा इतका ओला नसतो.”

खरी अडचण माझ्या पायात होती. केळीचा घड म्हणजे हळवा पाहुणा, जरा दचका बसला की काळा पडतो आणि सांगतो मला मारलं. त्यामुळे आठ वर्षं मी दचका न देता चालवायला शिकले होते. खड्डा दिसला की ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप उचलला जायचा. एका रविवारी नाना सराव बघायला आले, बांधावर उभे राहिले आणि तिसऱ्या फेरीला त्यांचा आवाज डिझेलच्या वर ऐकू आला.

“मांगे केळी नही शेतस, ताई! कोनले जपी ऱ्हायनात?”

पाय उचलायचा नाही, हे शिकायला मला पंधरा दिवस लागले. वळणाआधी ब्रेक पूर्ण मारायचा, वळणात सोडायचा आणि बाहेर पडताना पुन्हा ॲक्सिलरेटर दाबायचा. मागची बाजू घसरते, घसरू द्यायची. पहिल्यांदा गाडी अशी घसरत वळली आणि एकही खोड पडलं नाही, तेव्हा मी उतरून चाकांच्या खुणा पाहिल्या. कंपासने काढल्यासारख्या होत्या. घरी कुणाला सांगितलं नाही, पण रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शर्यतीच्या दिवशी पहाटे निघालो. मी, नवरा आणि वाटेत जळगावहून घेतलेले नाना. माळावर पोचलो तर व्यासपीठ ट्रॅकपेक्षा लवकर तयार झालेलं दिसलं. ट्रॅकवर अजून चुन्याची फक्की टाकत होते, व्यासपीठावर मात्र सोफ्यांना पांढरे टॉवेलही लागले होते. प्रत्येक कार्यकर्त्याच्या छातीवर बिल्ला होता. तपासणीत माझ्या गाडीत सुटं काही निघालं नाही. बॅटरी घट्ट, पट्टा घट्ट, हेल्मेट बरोबर. तपासणाऱ्या माणसाने सतरा नंबरचा कागद दारावर चिकटवला.

मग आयोजक आले. छातीवर सगळ्यात मोठा बिल्ला, हातात माइक.

“ताई, तुम्ही आमची शान! पाहुणे आले की तुमचा विशेष सत्कार. आणि एक प्रात्यक्षिक फेरी मारा, निवांत. टायमिंगचं टेन्शन नको.”

“मला टायमिंगच हवंय.”

“ताई, वेळेचं काय एवढं? सहभाग महत्त्वाचा.”

“मग सगळ्यांचीच घड्याळं काढून ठेवा.”

ते हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. फळ्यावर प्रत्येक नंबरापुढे दोन रकाने होते, कारण प्रत्येकाला दोन फेऱ्या. सतरा नंबरापुढे दोन्ही रकाने मिळून एकच शब्द लिहिला होता: ‘विशेष’. फळ्याजवळ एक टोपीवाले गृहस्थ वेळ मोजायचं यंत्र घेऊन बसले होते. त्यांच्यात बिल्ला नसलेला एवढा एकच माणूस. मी त्यांना विचारलं, “माझं नाव यादीत आहे ना?” त्यांनी कागद पाहिला. “आहे. पैसे भरलेत. दोन फेऱ्या.” आणि पुन्हा यंत्रात डोकं घातलं. मला फार बरं वाटलं.

माझा नंबर आला. मी सुरुवातीच्या रेषेवर, पट्टा कसलेला, हेल्मेट घातलेलं, इंजिन चालू. तेवढ्यात आयोजक फोटोवाल्याला घेऊन खिडकीशी आले. पाहुण्यांना उशीर होता म्हणून सत्कार आत्ताच. खिडकीतून शाल आली, हेल्मेटवर पडली. मग नारळ आला.

आता नारळाचं असं आहे की तो नाकारत नाहीत. जमिनीवर ठेवत नाहीत. मिळालेला लगेच दुसऱ्याला देत नाहीत, निदान देणाऱ्यासमोर तरी. मी सात आठवडे त्या गाडीतून एकेक वस्तू काढली होती, लोणच्याची बरणी काढली होती, नवऱ्याचा गोंडा काढला होता. आणि समोर झेंडा वर गेलेला असताना मी दोन्ही हात पुढे करून नारळ घेतला, कपाळाला लावला आणि शालीत गुंडाळून शेजारच्या सीटवर ठेवला. झेंडा पडला.

पहिलं वळण छान गेलं. दुसऱ्यात मागची बाजू घसरली, हवी तेवढीच, आणि शेजारून काहीतरी गडगडलं. तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. पुन्हा दाबला. पायाखाली काहीतरी कडक, गोल. खाली पाहायला वेळ नव्हता. मी गिअर उतरवला, दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी आडवी झाली, चार शंकू घेऊन फक्कीच्या रेषेबाहेर गेली आणि कापूस उपटलेल्या शेतात धूळ पांघरून उभी राहिली.

माइकवर आवाज आला, “फेरी बाद झाली, तरी ताईंनी आपली मनं जिंकली आहेत! जोरदार टाळ्या!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. भरपूर.

नवरा पळत आला. त्याला पळायला मनाई आहे. काही लागलं का एवढंच त्याने विचारलं. नानांनी दार उघडून पेडलखाली हात घातला, नारळ ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरला.

“बठ्ठं काढेल व्हतं ना? मंग हाऊ नारय कोठून उना?”

“मीच घेतला, नाना.”

त्यांनी नारळ नवऱ्याच्या हातात दिला आणि पेडल दहा वेळा दाबून पाहिलं.

एवढ्यात पाहुणे आले. शर्यत थांबली, भाषणं सुरू झाली. आयोजक म्हणाले, “ताई, तुमची दुसरी फेरी वेळ उरला तर बघू. तुम्ही आता वर या, मंचावर.” मी गाडी चालू केली, हळूच नेली आणि सुरुवातीच्या रेषेवर उभी केली. इंजिन बंद केलं. पट्टा सोडला नाही. एकदा उतरले असते तर मला पुन्हा बसू दिलं नसतं, एवढं मला आमच्या भागातलं राजकारण कळतं.

तीन भाषणं झाली. हेल्मेटमध्ये घाम कानातून मानेवर उतरत होता. दुसऱ्या वक्त्याने स्त्रीशक्तीवर बराच वेळ घेतला. त्या वेळात मी रस्ता मनात अकरा वेळा फिरले. आयोजक दोनदा आले.

“ताई, वर खुर्ची ठेवलीय तुमच्यासाठी.”

“मला खुर्ची आहे. नानांनी बोल्टने कसलीय.”

“अहो, पण पाहुणे वाट बघताहेत.”

“मीपण.”

शेवटचं भाषण संपलं तेव्हा टोपीवाले गृहस्थ उठले, कागद पाहिला आणि कुणालाही न विचारता झेंडेवाल्याला म्हणाले, “सतरा. दुसरी फेरी.” आयोजकांनी माइक तोंडाशी नेला, पण डिझेल आधी बोललं.

त्या फेरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाय उचलला नाही. तिसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला, तो जिथे जायला हवा तिथपर्यंत गेला, आणि माझ्या घशातून एक आवाज निघाला जो कुणी ऐकला नाही हे बरं. पाचव्यात एक शंकू हलला, डुलला आणि उभा राहिला. शेवटच्या सरळ पट्ट्यात मी पाय तळाशी दाबून धरला.

परत येऊन उतरले. फळ्याकडे चालत गेले. टोपीवाल्यांनी अंगठ्याने ‘विशेष’ पुसलं. पुरतं पुसलं जाईना, म्हणून रुमाल ओला केला. पहिल्या रकान्यात त्यांनी ‘बाद’ लिहिलं. दुसऱ्यात एक मिनिट, एकतीस सेकंद आणि चार दशांश.

सगळ्या फेऱ्या संपल्यावर निकाल वाचला. पहिल्या तिघांना चषक. उरलेले नंबर आयोजकांनी एका दमात उरकले, त्यांना जेवायला जायचं होतं. “नववा नंबर, गाडी चार. दहावा, गाडी एकवीस. अकरावा, गाडी सतरा. बारावा...”

कुणीही टाळी वाजवली नाही. अकराव्याला कोण वाजवतं?

मी तो आकडा हातावर पेनने लिहून घेतला. नवरा फळ्यासमोर उभा राहून बंपर वाचायचा तसा फळा वाचत होता. “एकवीस नंबरला एक-एकतीस-एक,” तो म्हणाला. “तीन दशांशाने गेलं.”

“पाचव्या वळणात.”

“बघितलं मी. तिथे उचललास पाय.”

“नाही उचलला.”

“थोडा उचललास.”

नाना गाडीच्या टपावर शाल अंथरून नारळ फोडायला दगड शोधत होते.