पाणी उतरल्यावर दिसणारा रस्ता

बाई गं,

चार वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. नको उचलूस. पण पत्र तू वाचशीलच, कारण लिहिलेलं काहीही हाती लागलं की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तुला चैन पडत नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा तू सोडत नाहीस. परवा तुझ्या फोटोग्राफीच्या वर्गाचे मास्तर घरी आले होते. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत जुन्या विद्यार्थिनीबद्दल चार ओळी हव्यात म्हणाले. चार ओळींत तू मावत नाहीस, आणि त्यांना हवं तसं गोडगोड लिहायला माझा हात वळत नाही. म्हणून जे घडलं तेच लिहिते आहे. तुझी गोष्ट तुलाच सांगण्यात मात्र काही अर्थ नाही, ती तुला पाठ आहे. तेव्हा आता तोंड इतरांकडे वळवते.

इस्पितळात तिला सगळे एक्सरेबाई म्हणत. तळघरातली खोली, खिडकी नाही, दाराला शिशाचा पत्रा, खुंटीवर शिशाचा जड एप्रन. त्या खोलीत तिने बत्तीस वर्षं एकच वाक्य म्हटलं. "श्वास घ्या, धरा, हलू नका... सोडा." गंमत अशी की रोग्याबरोबर तीही श्वास धरायची. गरज काही नव्हती, सवयच लागली होती. आणि दुसरी सवय चेहऱ्याची. ओली प्लेट दिव्यासमोर धरली की काय दिसलं ते तिच्या तोंडावर कधी उमटलं नाही. रोग्याचे नातेवाईक तिच्या भुवया वाचायला टपलेले असत, पण रिकाम्या हाती परत जात.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिने कॅमेरा घेतला. हे काय नवीन, असं विचारल्यावर म्हणाली, "बत्तीस वर्षं लोकांच्या आत बघितलं, आता जरा बाहेर बघते."

शटरचा वेग ती घरातल्या पंख्यावर शिकली. सेकंदाच्या हजाराव्या भागाला पाती जागच्या जागी थिजलेली. साठाव्या भागाला कडा विरघळलेल्या. अर्ध्या सेकंदाला पंखाच गायब, छताला नुसता धूर. खाली खुर्चीत नवरा पेपर वाचत बसलेला. हा गृहस्थ वीज कार्यालयातून निवृत्त झालेला, त्यामुळे मी त्याला मीटरसाहेब म्हणते. त्याला ते आवडत नाही.

"अगं, पंखा बिघडलाय का?"

"नाही हो. त्याचा अभ्यास चाललाय."

"मग मी उठू का?"

"उठू नका, हलूही नका. तुम्ही हलत नाही म्हणून तर पंख्याचं कळतंय."

तो फोटो तिने वर्गात नेला. वर्ग दर रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरे. मास्तर तिच्या मुलाच्या वयाचे, बाकीचे विद्यार्थी त्याहून लहान. मास्तरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "बाई, अर्धा सेकंद आणि एवढं स्वच्छ? तिपाई कुठली वापरलीत?"

"तिपाई कुठे आहे माझ्याकडे? श्वास धरला."

त्या दिवसापासून मास्तर तिला पुढच्या बाकावर बसवू लागले.

चौकटीत मात्र तिची गाडी अडायची. झाड असो, टेकडी असो, पाण्याची टाकी असो, तिच्या फोटोत ते बरोबर मधोमध, ताठ, समोरून. मास्तर म्हणत, चौकटीचे मनात तीन भाग करा, क्षितिज वर नाहीतर खाली सरकवा, नजरेला आत शिरायला वाट ठेवा. ती वहीत उतरवून घेई आणि पुढच्या रविवारी पुन्हा मधोमध काहीतरी घेऊन येई.

"बाई, या टेकडीला काय झालंय?"

"काय व्हायचंय तिला?"

"मग एक्सरेच्या प्लेटला छाती टेकवून का उभी केलीत?"

वर्ग हसला, तीही हसली. हे मला तिनेच सांगितलं, आणि सांगताना पुन्हा हसली. त्या दोन-तीन वर्षांत ती जेवढी हसली तेवढं मी तिला आम्ही कॉलेजात एका बाकावर बसत होतो तेव्हाही हसताना पाहिलं नव्हतं.

शहरापासून तासाभरावर धरणाचा तलाव आहे. उन्हाळा संपत आला आणि पाणी उतरलं की एक जुना डांबरी रस्ता वर येतो. धरण बांधलं तेव्हा तो बुडाला होता. मैलाचे दगडसुद्धा अजून उभे आहेत. त्याच सुमाराला चार-पाच दिवस सूर्य समोरच्या दोन टेकड्यांमधल्या खिंडीतून वर येतो आणि पहिली तिरीप थेट त्या ओल्या रस्त्यावर पडते. सात-आठ मिनिटं टिकते, मग टेकडीची सावली सगळं पुसून टाकते. पहिल्या वर्षी मास्तर सगळ्यांना बसने तिथे घेऊन गेले. तिपायाही दिल्या. बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. सवय दुसरं काय करणार? आठ मिनिटांत तिने चौदा फोटो काढले, चौदाही तसेच.

मास्तरांनी ते पाहिले. "बाई, हा रस्ता नाही, पाठीचा कणा आहे. मैलाचे दगड म्हणजे मणके. मोजा हवे तर."

या वेळी ती हसली नाही. कारण मास्तर बोलायच्या आधीच तिला ते दिसलं होतं. परतताना बसमध्ये तिने वहीत आकृती काढली. डावीकडच्या उतारावर चढायचं. रस्ता खालच्या कोपऱ्यातून आत येऊ द्यायचा, वळण घेऊ द्यायचं. खिंड वरच्या तिसऱ्या भागात. शटर अर्धा सेकंद, म्हणजे पाणी थिजायचंही नाही आणि दुधासारखं खोटंही व्हायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट कुठे उभं राहून बघायची ते तिला स्वतःला कळलं होतं. आता फक्त पुन्हा तिथे जायचं होतं. वर्षभर ती त्या आठ मिनिटांसाठी तयारी करत होती.

दुसऱ्या वर्षी पहाटे पाचला पिशवी खांद्याला लावून ती दाराशी पोहोचली आणि मीटरसाहेबांच्या छातीत कळ आली.

इस्पितळ, तेच तळघर, नवी तरुण एक्सरेबाई. प्लेट दिव्यासमोर धरली तेव्हा आमची बाई मागे उभी होती. स्वच्छ. फुप्फुसं अशी की शिकाऊ मुलांना नमुना म्हणून दाखवावीत. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तोही स्वच्छ. साहेब म्हणाले, "तुमची मशिनं जुनी झालीत." दहाला घरी येऊन त्यांनी दोनदा चहा घेतला आणि पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचला.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा छाती धरून बसले, पण तिने दाद दिली नाही, निघाली. बसस्टँडवर पोहोचते तो मुलाचा फोन. "आई, काय चालवलंयस तू? बाबा शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बसलेत. तुला फोटो महत्त्वाचे की बाबा?" बस समोर उभी होती. ती घरी परतली.

त्या दिवशी दोघांचं झालं ते भांडणही नव्हतं म्हणाली.

"खरं सांगा, दुखतंय का तुम्हाला?"

"तू गेलीस की घर रिकामं वाटतं."

"बत्तीस वर्षं मी सातला बाहेर पडत होते. तेव्हा नाही वाटलं?"

"तेव्हा मीही बाहेर पडत होतो." मग पेपरची घडी घालत, "आणि तिकडे तू हसतेस. इथे नाही हसत."

 आपला जुना चेहरा चढवून ती स्वयंपाकघरात गेली. मला विचाराल तर तिने तिथे एखादं भांडं आपटायला हवं होतं. पण बत्तीस वर्षं जी बाई रोग्यासमोर भुवई हलवत नाही, ती नवऱ्यासमोर भांडं आपटत नाही.

तिसऱ्या वर्षी बातमी आली, धरणाची भिंत वाढवणार. पावसाळ्यानंतर पाणी इतकं चढेल की रस्ता पुन्हा कधी वर यायचा नाही. म्हणजे ते चार-पाच दिवस शेवटचे. मग ती माझ्याकडे आली.

"एक काम करशील? गुरुवारी पहाटे पाच ते नऊ आमच्याकडे येऊन बस. घरात माणूस असलं की त्यांना दुखत नाही."

"मी बसू त्या मीटरसमोर? चार तास?"

"भांड हवं तर त्यांच्याशी. त्यांना बरंच वाटेल."

मी हो म्हटलं. तिने मला वही दाखवली, आकृती दाखवली, कुठल्या दगडाशी उभी राहणार तेही सांगितलं. अंगात वारं भरल्यासारखी बोलत होती. इतकी की मला थोडा कंटाळा आला. हे लिहायला नको होतं, पण खरं ते खरं.

बुधवारी संध्याकाळी मी फोन केला. कपाटाचं दार महिनाभर लोंबत होतं आणि सुताराने अखेर गुरुवार सकाळ दिली होती. मी म्हटलं, "अगं, परवा जा ना. टेकड्या काय पळून जातात?"

ती एवढंच म्हणाली, "बरं."

शुक्रवारी आभाळ भरून आलं. शनिवारीही तेच. रविवारी पाऊस सुरू झाला आणि आठवडाभर थांबला नाही. भिंत वाढली, पाणी चढलं. कॅमेरा तिने वर्गाला देऊन टाकला आणि तिथे पुन्हा पाऊल टाकलं नाही. मीटरसाहेब ठणठणीत आहेत. बाजारात भेटतात, हात करतात, तिची खुशाली विचारली की "आहे" म्हणतात.

तिचं घर माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. त्या गुरुवारी मला पाचलाच जाग आली होती. आभाळ धुतल्यासारखं निरभ्र होतं, गॅलरीतून दिसलं मला. मी चहा केला, पेपर वाचला, कपाट रिकामं करून ठेवलं.

सुतार साडेदहाला आला.