फोन कोरा न करणारा माणूस

कल्याण स्टेशनबाहेर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं नाव मला अजून माहीत नाही. डोळ्याला भिंग लावून, समोर न बघताच तो गिऱ्हाइकाशी बोलायचा. माझी नोकरी गेल्यावर काही महिन्यांनी, एका दुपारी मी त्याच्यासमोर फोन ठेवला. आता जगायचं नाही, असं मनाशी ठरवून झालेलं.

"यातलं सगळं उडवून टाका. फोटो, नंबर, सगळं."

"विकताय?"

"नाही."

"नवीन घेतलाय?"

"नाही."

त्याने भिंग काढलं, माझ्याकडे नीट पाहिलं. "दादा, मरायचा विचार करताय का?"

इतकं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. मला रडूच आलं. त्याने स्टूल पुढे सरकवलं. "हे काम मी आज नाही करणार. कुणाला बोलावू, तेवढं सांगा."

मी ताईचा नंबर दाखवला. ती आंबिवलीहून येईपर्यंत त्याने दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही. पुढे ताईच मला डॉक्टरांकडे नेत राहिली. हळूहळू झोप लागायला लागली, मग भूकही.

वर्षभराने त्याच्याकडे गेलो. "मी बरा आहे," एवढंच म्हणालो.

तो हसला. "दिसतंय की. ताई कशा आहेत?"