बाई घरी निघाल्या आहेत

ज्ञानोबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोधडीत होते. अंगात ताप, नाक गळतंय. फोन ठेवला, उठले, फिकं पातळ नेसले, चप्पल पायात सरकवली. नात दारात आडवी उभी. "आजी, तुला फ्लू झालाय. डॉक्टरनं काय सांगितलंय?" मी म्हटलं, "सरक बाजूला. अर्धी नोकरी एका खोलीत बसून केलीय आम्ही." ती सरकली... आणि मीच उंबऱ्यात थांबले. का थांबले, ते सांगायला हवं. मामांच्या मातीला चौकशीच्या बाई, म्हणजे मी, आल्या नाहीत, ही चर्चा येरमाळ्यात अजून संपलेली नाही.

येरमाळ्याच्या बसस्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत आणि मामा गाड्यांचे कंट्रोलर. खोली एक, पंखा एक, माईक एक. तेव्हाची मी म्हणजे मोठंच प्रकरण होतं. रजा ही आळशी लोकांची सोय, आणि आजारी पडणारे सगळे ढोंगी, असं माझं ठाम मत. मी न पुकारलेली गाडी तुळजापूरचा रस्ताच विसरेल, इतका माझा स्वतःवर विश्वास होता. स्वाइन फ्लूच्या साली नवरात्र आलं. तोंडाला रुमाल बांधून का होईना, गर्दी लोटलीच, आणि नेमका मला ताप भरला. मी कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी पदराला बांधली आणि कामावर हजर. दुसरी पुरचुंडी मामांना दिली. "हुंगत राहा, काही होत न्हाय." मामांनी ती हुंगली आणि खुर्ची पार दारापर्यंत मागं नेली. मी माईक घेतला. "तुळजापूरकडं जाणारी..." म्हटलं, आणि पुढं नुसता खोकला. भोंग्यातून सगळ्या स्टँडभर खोकला. खिडकीशी उभी एक म्हातारी विचारती झाली, "माय, ही गाडी कुठं जाती गं?"

मामा हसले नाहीत. त्यांची थोरली लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. हे मला ठाऊक होतं. तिच्या डोहाळजेवणात पंगतीला मीच वाढलं होतं. मामा हळू आवाजात म्हणाले, "बाई, म्या सांजच्याला इथनं उठून लेकीजवळ जातो. तुमचा ताप माज्या हातानं तिच्यापतुर जायला नको. रजा टाका."

"नवरात्रात रजा? लोक काय म्हणतील मामा?"

"बाई आजारी हायेत म्हणतील. दुसरं काय म्हणणार?"

तरी मी जागची हलेना. मग मामांनी आपला धुवट रुमाल माईकला गुंडाळला आणि पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चौकशीच्या बाईंना ताप आला आहे. बाई घरी निघाल्या आहेत. कुणीही त्यांना थांबवून गाडी विचारू नये, लांब उभे राहावे." गर्दी मधोमध दुभंगली. इतकी वाट मला माझ्या लग्नातही कुणी दिली नव्हती.

मी घरी पडून राहिले आणि सगळ्या गाड्या वेळेवर तुळजापूरला पोचल्या. तापापेक्षा ते जास्त लागलं. मामांनी माझीही खिडकी सांभाळली. लेक सुखरूप बाळंत झाली. बारशाला गेले तर मामा दारातच म्हणाले, "या बाई, आता कितीबी जवळ या."

तर उंबऱ्यात मला ते सगळं ऐकू आलं. मामांच्या घरी काकू, त्यांची थकलेली, दम्याची बायको... आणि मी तिच्या गळ्यात पडून रडणार होते, फ्लूसकट. चप्पल काढली. त्याच लेकीला फोन केला. ती रडत होती, तरी म्हणाली, "मावशी, तुमी आला असता तर नानांनी, तुमच्या मामांनी, तिथनंबी पुकारलं असतं."

बरी झाल्यावर गेले. काकूंच्या गुडघ्याला गुडघा लावून दिवसभर बसले. येताना स्टँडवर उतरले. आता गाड्या यंत्र पुकारतं. जुना माईक खोलीच्या कोपऱ्यात पडलाय, रुमाल अजून त्याला गुंडाळलेला. मामांनी तो पुढं कधी सोडलाच नाही. कुणी खोकलं की नुसतं रुमालाकडं बोट करायचे. मी बघत उभी होते, तेवढ्यात नव्या कंट्रोलरला शिंक आली. मग दुसरी.

मी रुमालाकडं बोट केलं. म्हटलं, "घरी जाता, का पुकारू?"