मीच शिकवलेला आग्रह

मंडळी, पुरणपोळ्या समोर थंड पडल्यात आणि माझं डोकं तापलंय.

आज दुपारी माझ्याकडे काल भेटलेलं मेक्सिकोचं एक जोडपं जेवायला यायचं होतं. दूधविनायकाच्या आमच्या गल्लीत परदेशी पाहुण्यांना घरचं जेवण वाढायला मीच सुरुवात केली. समोरच्या सुषमाला स्पॅनिशही मीच शिकवली. "एकाला म्हणायचं ‘कोमा’, दोघांना ‘कोमान’. म्हणजे जेवा. पण हुकूम नको वाटायला. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, की हसून पुन्हा म्हणायचं."

वाट बघून शेवटी त्यांना शोधायला निघाले, तर सुषमाच्याच घरातून आवाज आला, "कोमान, कोमान!"

आत गेले. दोघं मजेत जेवत होते. मला बघताच त्यातल्या बाईंनी काळजीने स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुमचा ताप उतरला का?"

मला कुठला ताप? मी सुषमाकडे बघितलं.

"बुरा नको मानू गं," ती पुटपुटली आणि वाढायला वळली. बाईंनी ताटावर हात आडवा धरला. सुषमा हसली, "कोमान!"

उच्चार माझा, हसूसुद्धा माझंच.

तुम्ही असता तर काय बोलला असता?