राजश्रीकाकूंचा एप्रन

लातूरच्या ट्यूशन एरियात राजश्रीकाकूंची मेस. तिथं फिजिक्सचा पेपर कोरा ठेवलेला चालायचा, पण ताटात घास ठेवलेला चालायचा न्हाई. "ए मिहिर, ती गवार काय प्रदर्शनात मांडणारेस? गीळ!" किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात, शाळकरी वयात, काकू भातासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या. टाकलेलं अन्न त्यांना बघवतच नसे.

टीव्हीवर परदेशी स्वयंपाक-स्पर्धेची हिंदी आवृत्ती लागली की काकू पोळपाट सोडून यायच्या. पंच चमचाभर चाखायचे, डोळे मिटायचे, अन् पास झालेल्याच्या गळ्यात पांढरा एप्रन! "पण एवढंसंच खाऊन राहिलेत की हो हे?" असं कुणी म्हणालं तर काकू समजावायच्या, "उरलेलं जाहिरातीत खात असतील."

तो एप्रन त्यांना लई हवा होता. स्पर्धेची निवड-फेरी हैदराबादला होती. मेसमधली वैष्णवी क्लास बुडवून सोबत गेली. काकूंनी अंबाडीची भाजी, भाकरी, शेंगदाण्याची चटणी मांडली. दाढीवाल्या पंचांनी घास घेतला, डोळे मिटले.

"आंटी, कमाल!"

एप्रन उचलला, अन् दुसऱ्या हातानं ताट बाजूला सारलं. जाहिरात काही लागली न्हाई.

"साहेब, ताट?"

"हो गया, आंटी."

"कुठं हो गया? भाकरी तशीच हाय की!"

"आंटी, अभी बहुत लोगों का चखना है."

"मग आधीच कमी वाढा म्हणायचं. वाढल्यावर टाकायचं न्हाई."

शेजारची पंचबाई खुदकन हसली. "ताई, तुमचंबी ताट तसंच हाय," काकू म्हणाल्या. तिचं हसू तिथंच आटलं.

वैष्णवीनं चिमटा काढला. "काकू, गप घ्या ना तो!"

काकूंनी एप्रनकडं पाहिलं. कडक इस्त्रीचा. मग ताटाकडं.

"पहिले ताट."

पंचांनी एप्रनची घडी घातली. "सॉरी आंटी. यहाँ हमारे रूल चलते हैं."

काकूंनी ताटं उचलली. बाहेर व्हरांड्यात कॅमेऱ्याची, दिव्यांची पोरं वायरींवर बसलेली. "जेवलात का रे?" सगळ्यांच्या माना आडव्या. काकूंच्या हाताला थोडकं करायची सवयच नव्हती; डबे उघडले, पंगत बसली. थोड्या वेळानं दाढीवाले साहेबही आले, मांडी घालून बसले, बोटानं ताट पुसून खाल्लं.

"और है, आंटी?"

काकूंनी वाढलं. एप्रनचं नाव त्यांनी काढलं न्हाई, काकूंनीही विचारलं न्हाई.

परतीच्या बसमध्ये वैष्णवीनं साहेबांची नक्कल केली. अंगठा अन् बोट जुळवून, डोळे मिटून, "आंटी, कमाऽऽल!" पुढच्या सीटवरचे आजोबा दचकून वळले. काकू पोट धरधरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"चांगला होता गं एप्रन," त्या म्हणाल्या. "खिसाबी होता त्याला."