डांबरगोळ्यांची गाडी

“वहिनी, काहीतरी वाजलं. ऐकलंत?”

एवढं बोलून तो उजवा हात वर करायचा, सगळ्या जगाला गप्प बसवायला निघाल्यासारखा, आणि मान तिरकी करून कान लावायचा. मीही भाजीच्या पिशव्या सांभाळत जिन्याशी थांबायची. ऐकू काहीच यायचं नाही. फार तर वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी.

“काही नाही हो, भाई.”

“नाही कसं? वाजलं!” आणि पुन्हा हात वर.

असा एखादा घाबरट माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. आपण त्याला हसतो. मीही पोटभर हसून घेतलंय.

तो सौदीतल्या बुरैदा शहरातल्या आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. आम्ही सांगलीकडचे, आणि नवरा इथल्या एका शीतगृहात हिशेब बघतो. इमारतीत राहायला आलो त्या दिवशी सामान चढवताना मी नवऱ्यावर खेकसले, “अहो, ते पिंप आधी घ्या ना!” तर खालून आवाज आला, “पिंप मी घेतो वहिनी, त्यांना नका ओरडू.” परक्या मुलखात असं मराठी कानावर पडलं की काय होतं, ते मी सांगायला नको.

तसा तो लिफ्टला घाबरायचा, पोलिसाला घाबरायचा, मालकाचा फोन आला की उभं राहून बोलायचा. पण त्याची खरी झोप उडवली ती गाडीने.

इमारतीच्या मालकाच्या मुलाची ती स्पोर्ट्स कार. पिवळीधमक आणि इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर मांडी घालून बसल्यासारखं. थंडी पडली की इथली तरुण पोरं उंच गाड्या घेऊन वाळवंटात तंबू ठोकायला जातात. वाळूत हे बुटकं प्रकरण काय कामाचं? म्हणून हिवाळाभर तिची रवानगी आमच्या खालच्या पार्किंगमध्ये झाली. रियाधहून खास मेकॅनिक आला. त्याने टाकी काठोकाठ भरली, चाकांत हवा जरा जास्तच मारली, बॅटरीला चार्जर लावला आणि वरून मऊ आवरण घातलं. जाता जाता हिंदीत म्हणाला, “धूल से मत डरना. चूहे से डरना.”

थंडीत उंदीर ऊब शोधत गाडीत शिरतात आणि आतल्या वायरी कुरतडतात, असं त्याचं म्हणणं. रियाधला एका गाडीची अशीच वाट लागली आणि तिथल्या हारिसला कायमचं घरी धाडलं, हेही तो सांगून गेला. स्वतः निवांत गेला. याची मात्र पाचावर धारण बसली.

कारण मालकाच्या मुलाने किल्ली हातात देताना एक अट घातली होती. थंडी संपली की मी येईन, गाडी अशीच्या अशी दिसली तर तुला दोन महिने सुट्टी. आणि भाईच्या धाकट्या मुलीचा निकाह त्याच सुट्टीच्या भरवशावर ठरला होता. थोरलीच्या वेळी सुट्टी मिळाली नव्हती. तो निकाह त्याने मोबाईलवर पाहिला, आणि पोरगी ‘कबूल’ म्हणणार तेवढ्यात नेट गेलं. “तोंड उघडलेलं दिसलं वहिनी, आवाज नाय आला,” तो सांगायचा. हे मात्र हसून सांगायचा. का, कोण जाणे.

तर असा त्याचा हिवाळा सुरू झाला. स्वतःच्या खोलीतली गादी त्याने पार्किंगच्या भिंतीलगत आणली. गाडीखाली वाकून वाकून कंबर धरली. मांजरं पाळावीत म्हटलं, तर मांजर आवरणावर नखं काढील ही धास्ती. पिंजरा लावावा, तर त्यातल्या खाऊच्या वासाने नसलेले उंदीर येतील ही धास्ती. नवरा एकदा चेष्टेत म्हणाला, “भाई, उंदीर अजून एक तरी दिसला का?” त्याने डोळे मोठे केले. “दिसत नाय म्हणून तर भीती वाटते.”

एका दुपारी तो दारात येऊन उभा राहिला. चेहऱ्यावर रक्त नाही.

“वहिनी, मेलो मी.”

झालं होतं असं. त्याला गाडीच्या आतून खुडबुड ऐकू आली. मग त्याने काय करावं? आपल्याकडे लोकरीचे कपडे, ठेवणीतल्या साड्या ट्रंकेत ठेवताना आपण जे करतो, तेच. दुकानातून डांबरगोळ्यांची पाकिटं आणली, फडक्यात बांधून पुरचुंड्या केल्या आणि गाडी उघडून सीटखाली, मागे, जागा मिळेल तिथे ठेवल्या. दार बंद करून बसला. चार दिवसांनी उघडून बघतो तो आत श्वास घेववेना. उंची चामड्याच्या सीटांनी तो वास पिऊन टाकला होता.

“काढा मग त्या गोळ्या!”

“काढल्या. एक पुरचुंडी सुटली, त्यातली एक राहिली.” त्याने समोरच्या काचेकडे बोट करावं तसं हवेत बोट केलं. “काचेखालच्या जाळीतून आत पडली. एसीत.”

मला हसू फुटलं. आणि त्याच्याकडे पाहून ते तोंडातच विरलं. इतका भ्यालेला मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मग आम्ही सगळे उपाय केले. आत कॉफीची पूड ठेवली, कोळसे ठेवले, शेवटी वाटीत ऊद जाळून फिरवला. परिणाम एवढाच झाला, की गाडीला लग्नघरातल्या ट्रंकेचा वास येऊ लागला. जाळीत तार घालून तो गोळी शोधायचा, तर ती आतल्या आत पुढे सरकायची. टक्, टक्. इतके दिवस तो ज्या आवाजाला भीत होता, तो आता गाडीत खरोखरच होता, आणि त्यानेच घातलेला होता. त्याचं जेवण तुटलं. गावाहून मुलीचा फोन आला, की अब्बा, तिकीट काढलं का? हा म्हणायचा, “काढतो ना.” फोन ठेवला की भिंतीला टेकून बसायचा.

उन्हं तापायला लागली आणि एका सकाळी मालकाचा मुलगा आला. मी जिन्याशी उभी राहून बघत होते. आवरण निघालं, दार उघडलं, आणि तो पोरगा नाक धरून मागे सरकला. भाई दोन्ही हात पोटाशी धरून उभा. पोरगा आत बसला. गाडी सुरू झाली, एसी लागला.

खड्खड्खड्.

“हे काय?” मुलाने विचारलं. अरबीत काय सांगायचं ते भाईने आठवडाभर घोकलं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. मुलाने पुन्हा विचारलं, “उंदीर?” भाईने नाही म्हणून मान हलवली, खिशातून एक डांबरगोळी काढून तळहातावर धरली. ती घरंगळून खाली पडली.

पोरगा बघत राहिला आणि खो खो हसला. “खलास,” तो म्हणाला, म्हणजे विषय संपला, “एसीचं करून घेईन. तू जा गावाला. सफर.” काचा खाली केल्या आणि भुर्रकन निघून गेला.

बस, एवढंच! अख्खा हिवाळा ज्या गोष्टीने भाईचा जीव टांगणीला लावला, तिचा निकाल त्या पोराने हसत हसत लावला. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. भाई मात्र जागच्या जागी खाली बसला आणि घरंगळलेली गोळी शोधू लागला. कुणाच्या चाकाखाली येईल म्हणून.

विमान सुटेपर्यंत त्याला वाटत होतं, की कुणीतरी मागे बोलावील. कुणी बोलावलं नाही. निकाहाचा व्हिडिओ त्याने पाठवला. त्यात तो कुठेच नाही, मुलगी आहे आणि तिचं ‘कबूल’ आहे, स्वच्छ, मोठ्याने. मोबाईल त्यानेच धरला होता.

दोन महिने उलटले, तीन झाले. मी फोन लावला. “भाई, परत कधी येताय?”

“कशाला, वहिनी? पुन्हा भ्यायला?” तो म्हणाला. “होडीवर जातोय भावाच्या. आणि एक सांगू? इकडे कौलांवर उंदीर नुसते नाचतात. मी कूस बदलून झोपतो.”

आता पुन्हा थंडी आलीय. पिवळी गाडी खाली झाकून ठेवलीय. नवा हारिस कानात गाणी घालून बसतो, त्याला कसली फिकीर नाही. इकडे नवऱ्याच्या कंपनीतून एकेकाला घरी पाठवायला सुरुवात झालीय. आमचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, या महिन्यात संपतो, आणि साहेब त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आमच्या मुलीची दहावी अर्ध्यावर आहे.

काल संध्याकाळी भाजी घेऊन आम्ही दोघं पार्किंगमधून येत होतो. नवरा काहीतरी सांगत होता. मी जिन्याशी थबकले, आणि माझा उजवा हात आपोआप वर गेला.

“अहो, थांबा जरा. काहीतरी वाजलं.”