मोटारीखालून पाहिलेला बसरा

लढाई संपून मी पलटणीतून घरी आलो, तेव्हा आष्ट्याच्या आसपासच्या चार-सहा गावांत बसरा पाहिलेला माणूस मी एकटाच होतो. हे फार वाईट झालं. आणखी एखादा असता तर माझ्या तोंडाला थोडा तरी लगाम बसला असता.

खरं तर बसरा मीही पाहिला नव्हता. मी पलटणीत मोटारींचा फिटर होतो. शहराबाहेर वाळूत आमचे तंबू होते आणि तंबूंसमोर नादुरुस्त मोटारींची रांग होती. ती रांग लढाई संपेपर्यंत संपली नाही. सगळा बसरा मी मोटारीच्या खालून पाहिला. मोटारीखालून कुठलाही मुलूख सारखाच दिसतो: तेलाचे डाग, धूळ आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय. उन्हाळ्यात पाना हातात धरवत नसे, आणि माशा इतक्या की जेवताना बोलायची सोय नव्हती. चार वर्षं मी झोपेत फक्त कृष्णाकाठचा आमचा ऊस बघत होतो.

पण गावात हे ऐकायला कोण बसलंय? मी आलो ते दिवस गुऱ्हाळाचे होते. उसाचा रस उकळणाऱ्या काहिलीभोवती माणसं बसलेली, हातात काकवी, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. कुणी विचारलं, "बसरा म्हंजी कसं रं?" मी आधी खरं सांगायला सुरुवात केली. 'वाळू' म्हणालो, 'माशा' म्हणालो, तेवढ्यात लोकांचं लक्ष काकवीकडे जायला लागलं. मला ते सहन झालं नाही. मग मी म्हणालो की तिथं घराच्या दाराशी नदीचं पाणी येतं आणि बायका होडीत बसून बाजारला जातात. सगळे परत माझ्याकडे वळले. त्यानंतर मला थांबता आलं नाही. खजुराच्या झाडाखाली नुसता हात पसरायचा, पिकलेला खजूर आपोआप पडतो. मोती तर फुटाण्यासारखे मापानं विकतात.

मोत्यांचं बोलायला नको होतं. आमच्याकडे बायकांना बसरा माहीत असतो तो नथीतल्या मोत्यामुळेच. आईच्या नथीत एक बसराई मोती होता आणि तो तिच्या आजीपासून चालत आलेला. आईनं सरळ विचारलं, "मंग एखांदा आनायचास की रं." मी म्हणालो, सरकारची बंदी होती. माझी बायको तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मोत्यावर बंदी, आन् त्या पत्र्याच्या डब्यावर न्हवती व्हय?" मी येताना बिस्किटांचा एक रिकामा डबा आणला होता.

बायकोबद्दल सांगायला हवं. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत मी पलटणीबरोबर गेलो होतो. तीन भावांत मी धाकटा, म्हणून ती धाकटी सून. धाकट्या सुनेच्या वाट्याला भाकरी आली. भाऊ, भावजया, पोरं, गडी, आला-गेला, या सगळ्यांच्या भाकऱ्या ती दोन्ही वेळा थापायची. मी बसऱ्यात मोटारीखाली होतो तेव्हा ती इथं चुलीपुढे होती, आणि तिच्या कामाला कुणी लढाई म्हणत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गुऱ्हाळं पेटली आणि माझा पलटणीतला दोस्त कोरेगावहून आला. आम्ही एकाच तंबूत राहिलेले. त्यानं बातमी आणली की आमचा जुना साहेब आता बसऱ्याच्या बंदरात मोटारींचा कारखाना बघतोय आणि त्याला आम्ही दोघंही हवे आहोत. नोकरी कायमची, बायकोला घेऊन जाता येईल, राहायला खोली मिळेल. दोस्त स्वतः जाणार होता. "महिन्याभरात मी मुंबैला बोटीवर चडतो," तो म्हणाला. "साहेब म्हनला, त्याला संगं घिऊन ये. काय सांगू?"

मला जायचं नव्हतं. पण भोवती सगळं घर बसलं होतं आणि मी बसऱ्याचा जाणकार. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, विचार करू.

मग विचार घरानं करायला घेतला. थोरल्या भावाचा पहिला सवाल असा, की मुसलमानी मुलखात माणसाला पुरतात. "तुला तितं काय झालं तर जाळनार कोन?" मधल्यानं तिथं लाकूड मिळतं का विचारलं. मी म्हणालो खजुराचं मिळतं, तर ते जळतं की नुसतं धुमसतं यावर दोघांचा वाद पेटला. मी अजून होय म्हणालो नव्हतो आणि माझी चिता रचून झाली होती. एका चुलत्याला काळजी पडली की तिथं बेंदूर नसेल. मग त्यानंच तोड काढली, की बैल नसला तर उंटाला झूल घालायची.

आईची काळजी वेगळी होती, आणि ती तिनं योग्य माणसापुढे मांडायचं ठरवलं. आमच्या गावात एक म्हातारा अत्तार होता. आठवड्याला तो पाटी घेऊन दारोदार यायचा. हळद, कुंकू, बुक्का, उदबत्त्या, करदोटे, सगळं त्याच्याकडे. गावातला मुसलमान म्हटला की आईच्या डोळ्यांपुढे तोच, तेव्हा मुसलमानांच्या मुलखाची माहिती त्यालाच असणार. त्याला ओसरीवर बसवून, चहा देऊन आईनं विचारलं, "भाऊ, आमचा धाकटा बायकूला घिऊन बसऱ्याला जायाचं म्हनतोय. मुसलमानांचा मुलूख. तितं सुनंला कुंकू कुटनं मिळायचं?"

अत्तारानं कपातला चहा बशीत ओतला. पाटीतल्या कुंकवाच्या पुडीकडे बघितलं, मग आईकडे. "वैनी," तो म्हणाला, "हितं तरी कुंकू कोन इकतंय? मीच न्हवं?"

आईनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला. मग म्हणाली, "तुमची गोष्ट न्यारी."

"आनि मला काय इचारताय?" अत्तार म्हणाला. "मी लय लांब म्हंजी सांगलीपातूर गेलोय. तितलं पानीबी मला मानवलं न्हाई." पण जाताना त्यानं मला बाजूला घेतलं. बसऱ्यातला खजूर खरंच हातात पडतो का, असं हळूच विचारलं, पण ते आत चुलीपर्यंत ऐकू गेलं असावं. म्हाताऱ्याच्या तोंडावर इतकी आशा होती की मी पुन्हा होय म्हणालो.

या सगळ्या गोंधळात बायको मात्र काही बोलली नव्हती. मला वाटलं, ती घाबरली असेल. माझी सगळी भिस्त तिच्यावरच होती. ती 'नको' म्हणाली की मी मोठा उसासा टाकून, बायकोसाठी बसरा सोडला असं गावभर सांगणार होतो. एकदा दुपारी ती विहिरीवर धुणं धूत होती. तिथं मी विषय काढला.

"जाऊया," ती म्हणाली.

मी म्हणालो, अगं, परका मुलूख आहे. भाषा वेगळी. ती म्हणाली, भाषा काय, बाजार करता करता येईल. मग नाइलाजानं मी खरं सांगायला लागलो. वाळू, माशा, तंबू, सगळं सांगितलं. होडीतल्या बायका मी दुरून, पुलावरून मोटार जाताना एकदाच पाहिल्या होत्या, आणि मोती कधीच पाहिला नव्हता. ती धुणं आपटत राहिली. तिचा एका अक्षरावरही विश्वास बसला नाही असं मला वाटलं. खोटं सांगताना मला कधी घाम फुटला नव्हता, तो खरं सांगताना फुटला.

म्हणून मी साक्षीदार आणायचं ठरवलं. दोस्त अजून आमच्याकडेच गूळ खात मुक्कामाला होता. त्याला मी उसाच्या फडात नेलं आणि हात जोडले. म्हटलं, गड्या, घरात सगळ्यांसमोर एकदा खरं सांग. तो म्हणाला, "तू काळजीच करू नगंस."

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना ओसरीवर जमवलं आणि सांगितलं की मी आजवर जे बोललो ते काहीच नव्हे. दाराशी पाणी येतं ते गुलाबाच्या वासाचं येतं. खजूर तर इतका पडतो की वाट झाडायला माणसं ठेवलीत. तो बोलत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. नंतर मी त्याला धरलं, तर तो कळवळून म्हणाला, "आरं, मी कोरेगावात ह्येच सांगून बसलोय. माझी बायकू उद्या तुझ्या बायकूला भेटली म्हंजी?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विहिरीवर गेलो. या वेळी बायको म्हणाली, "बसा." मग तिनं विचारलं, "तितलं एक तरी खरं चांगलं सांगा. न्हाईच का काय?"

मी आठवून बघितलं. एक होतं, पण ते इतकं लहान होतं की आजवर कुणाला सांगायच्या लायकीचं वाटलं नव्हतं. एकदा शहरात मोटारीचा सुटा भाग आणायला गेलो असताना उन्हानं मला घेरी आली. एका चहावाल्या म्हाताऱ्यानं मला धरून सावलीत बसवलं आणि चहा दिला. दुधाचा थेंब नाही, वाळक्या लिंबाचा चहा. तोंड वाकडं करत मी तो प्यालो, तर त्यानं हसून आणखी एक दिला. पैसे पुढे केले तर माझी मूठ त्यानं परत मिटवली. तो काय बोलला ते मला समजलं नाही.

"येवडंच?" बायको म्हणाली.

"येवडंच."

"मंग मानसं चांगली हायत की."

बसरा टाळायला गेलो आणि तो आणखी जवळ आला. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, अगं, पण तुला तिथं कशाला जायचंय? खजूर हातात पडत नाही, मी सांगतोय ना!

ती हसली. "आवं, खजूर हातात पडत न्हाई येवडं मला कळत न्हाई व्हय? मी काय अत्तार हाय?" मग तिनं पिळलेलं लुगडं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता बोलली. "मला एक चूल पायजे. माजी. हितं येगळं निगायचं म्हटलं तर म्हंतील, धाकटीनं घर फोडलं. तुमाला भावाम्होरं त्वांड उगडायचं धाडस न्हाई, ते मला ठावं हाय. परदेशी नोकरीवर गेलं तर कोन काय म्हननार? उलट वाटंला लावाय येतील."

तिला कुठलाही मुलूख चालला असता, मक्का किंवा लंडनही. मीच मूर्खासारखा तिला माशा सांगत होतो. आणि भावाबद्दल ती बोलली ते इतकं खरं होतं की मला तिचा रागही धड आला नाही.

दोस्त एकटाच गेला. मी महिनाभर विचार करतोय असं दाखवत राहिलो, आणि मग एक दिवस सांगलीला जाऊन मोटारस्टँडमागे, गावोगाव माणसं नेणाऱ्या सर्व्हिस मोटारी दुरुस्त करायचं काम पकडलं. मग ते घरी सांगितलं. आधी नुसतं सांगली म्हणालो असतो तर थोरल्यानं मला उसाच्या कांड्यानं हाणला असता. पण घरानं मला इतके दिवस बसऱ्यात जाळून ठेवलं होतं की सांगली ऐकताच सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आई म्हणाली, "सांगली? ती काय, हितंच हाय!" आणि तिनंच बायकोला दोन पातेली, परात आणि तवा काढून दिला. ही युक्ती माझी, असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत आलो. बायकोनं ते कधी खोडून काढलं नाही.

सांगलीत एक खोली मिळाली. कोपऱ्यात चूल, भिंतीला धूर. बायकोनं पहिल्याच दिवशी त्या खोलीचं नाव बसरा ठेवलं. मी कामावर गेलो. दुपारी जेवायला आलो तर ती चुलीपुढे बसली होती आणि शेजारी दुरडीत भाकऱ्यांची चळत. सबंध घराच्या भाकऱ्या, अगदी गड्यांच्यासुद्धा. सवयीनं हात चालत राहिला आणि पीठ संपल्यावर तिच्या लक्षात आलं.

ती आधी हसली. मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. "आता ह्या कुनी खायाच्या?" म्हणाली. हवी होती ती चूल तिला मिळाली होती आणि तिच्यापुढे जेवायला मी एकटाच होतो. मला वाईट वाटलं, आणि भूकही लागली होती. मी तीन खाल्ल्या, तिला एक खायला लावली. उरलेल्या फडक्यात बांधून मी आष्ट्याकडे जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरजवळ दिल्या. त्या मोटारीचा ब्रेक मीच सकाळी दुरुस्त केला होता, तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. गावच्या फाट्यावर उतरून आमच्या घरी दे म्हटलं, आणि बसऱ्याहून आल्या म्हणून सांग.

संध्याकाळी ड्रायव्हर परत आला. फडकं धुऊन, घडी घालून परत पाठवलं होतं आणि त्यात अत्ताराकडची कुंकवाची पुडी होती.

"तुमच्या म्हातारीनं भाकरी खाल्ली," तो म्हणाला. "आन् ह्ये तुमच्या बायकूला द्या म्हनली. मुसलमानांच्या मुलकात मिळत न्हाई म्हनं."